गोणीत काय आहे? : एल्डोरॅडो कंपनीचा इतिहास



आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते गोदामाच्या ओट्यावर, युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या व्यासपीठावरून एखाद्या कामगार लढ्याची हकीकत आम्ही सांगू, असेच चालकांना वाटले असणार. परंतु आज आम्ही एका कंपनीची हकीकत सांगणार आहोत, आणि तीही सातासमुद्रापलीकडच्या कॅनडा देशातील, युरेनियमचा शोध घेणाऱ्या कंपनीची. हमालांच्या संघटनेत केस पांढरे झालेल्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर एका गोणीत आहे. ती गोणी शेवटी सोडू. आधी कंपनीकडे वळू.

कंपनीचे नाव एल्डोरॅडो. स्पॅनिश दंतकथेतील सोन्याच्या नगरीचे हे नाव. १९२६ मध्ये चार्ल्स व गिल्बर्ट लाबाइन या दोघा भावांनी 'एल्डोरॅडो गोल्ड माइन्स' ही कंपनी काढली. नावाप्रमाणे हेतू सोन्याचा होता. मॅनिटोबा प्रांतात त्यांनी जमीन खणली, पण तिथले सोने थोडक्यातच आटले. भागधारकांचे थोडे पैसे शिल्लक होते आणि खणायला जागा नव्हती. अशा वेळी बहुतेक कंपन्या मुकाट्याने गाशा गुंडाळतात. गिल्बर्ट लाबाइनने मात्र जुने सरकारी अहवाल चाळले. १९०० साली मॅकिंटॉश बेल नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ दूर उत्तरेला ग्रेट बेअर, म्हणजे मोठ्या अस्वलाच्या, सरोवरापर्यंत जाऊन आला होता. तिथल्या पूर्वेकडील कड्यांवर कोबाल्टचे गुलाबी आणि तांब्याचे हिरवे डाग दिसतात, अशी नोंद त्याने करून ठेवली होती. तीस वर्षे ती नोंद कपाटात पडून होती. लाबाइनने ती वाचली आणि तो निघाला.

हे सरोवर केवढे आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा दहावा हिस्सा त्यात बुडेल. उत्तर ध्रुववृत्त त्याच्यावरूनच जाते. वर्षातील बहुतेक महिने ते गोठलेले असते. १९३० च्या मे महिन्यात लाबाइन आणि त्याचा जोडीदार सेंट पॉल हे दोघे बर्फावरून त्या काठाने फिरत होते. बर्फाच्या लखलखाटाने सेंट पॉलचे डोळे गेले होते, म्हणून तो तंबूत पडून होता. १६ मे रोजी लाबाइन एकटाच हिंडत असता त्याला चांदीची शीर दिसली, आणि तिच्याजवळच काळा, जड, डांबरासारखा दगड. तो दगड पिचब्लेंड होता. युरेनियमचे ते सर्वांत समृद्ध खनिज, आणि त्याच्या पोटात रेडियम.

आज आपण युरेनियम म्हटले की बाँब आणि अणुभट्टी आठवतो. १९३० साली युरेनियमला कोणी विचारीत नव्हते. काचेला व चिनी मातीच्या भांड्यांना पिवळा-नारिंगी रंग देण्यापुरते ते खपे. किंमत होती ती रेडियमला. कर्करोगाच्या गाठी जाळण्यासाठी इस्पितळांना रेडियम हवे होते आणि ते मिळणे अतिशय कठीण होते. तीन टन युरेनियममागे जेमतेम एक ग्रॅम रेडियम असते. बेल्जियमच्या ताब्यातील कांगोत शिंकोलोब्वे येथे जगातील उत्तम खाण होती. तिच्या मालकीण कंपनीने बाजार मुठीत धरून एका ग्रॅमचा भाव सुमारे ७०,००० डॉलरवर ठेवला होता. त्या मक्तेदारीला शह देणारा दगड लाबाइनच्या हाती लागला.

कंपनीचे जे श्रेय आहे ते तिला दिले पाहिजे. लाबाइन धाडसी होता, चिकाटीचा होता. १९३३ मध्ये कंपनीने दूर दक्षिणेला, ओंटारिओ सरोवराच्या काठी पोर्ट होप या लहान गावात शुद्धीकरणाचा कारखाना काढला. मार्सेल पोशाँ नावाचा रेडियमच्या कामात मुरलेला रसायनज्ञ तिथे आणला. एल्डोरॅडोचे रेडियम बाजारात येताच भाव कोसळला आणि काही वर्षांत २५,००० डॉलरच्या घरात आला. त्याचा लाभ जगभरच्या रोग्यांना झाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुढे १९३८ मध्ये या दोन्ही कंपन्यांनी आपसात बाजार वाटून घेतला, तो भाग वेगळा. व्यापाऱ्यांची भांडणे बहुधा अशीच मिटतात.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. खाण ध्रुववृत्ताच्या टेकीला आणि कारखाना देशाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये रस्ता नाही, रेल्वे नाही. मग माल जाई कसा? खनिज गोण्यांत भरीत. एकेक गोणी सुमारे ४५ किलोची. उन्हाळ्यात बर्फ वितळले की दोन-तीन महिने जलमार्ग खुला होई. तेवढ्या अवधीत गोण्या पडावांतून सरोवर ओलांडीत, बेअर नदीने खाली येत. त्या नदीत खडकाळ उतार लागे. तिथे पडाव रिकामे करावे लागत. पुढे मॅकेन्झी नदी, मग ग्रेट स्लेव्ह सरोवर, मग स्लेव्ह नदी. तिथे पुन्हा खडकाळ उतार, पुन्हा माल खाली, पुन्हा वर. मग अथाबास्का सरोवर व नदी, आणि वॉटरवेज या ठाण्याला रेल्वे. १९३६ मध्ये कंपनीने या मार्गावरची वाहतूक कंपनीही विकत घेतली, म्हणजे खाण, पडाव आणि कारखाना एकाच मालकाचे झाले.

या मार्गावर गोण्या उचलणारे कोण होते? त्या सरोवराकाठी पिढ्यान्‌पिढ्या मासे आणि कॅरिबू हरणे यांवर जगणारे सहतू डेने लोक. त्यांचे गाव देलिने. उन्हाळी हंगामात कंपनी त्यांना रोजंदारीवर घेई. दिवसाला सुमारे तीन डॉलर मिळत, असे त्यांच्या वृद्धांनी सांगितले आहे. गोणी पाठीवर घ्यायची, फळीवरून पडावात चढायचे, उतारापाशी उतरवायची, पुन्हा चढवायची. धूळ उडे ती अंगावर, डोक्यावर बसे. रात्री त्याच गोण्यांवर अंग टाकायचे. बायकामुलेही मार्गावर सोबत असत. रिकाम्या गोण्यांचे कापड घरी न्यायचे. ठिगळाला, तंबूला उपयोगी पडे.

आमच्या बाजारपेठेतील कोणत्याही हमालाला हे वाचून दाखवा. तो म्हणेल, यात परके काय आहे? गोणीचे वजन तेच, पाठ तीच, आणि रिकाम्या गोणीचा उपयोगही तोच.

आता प्रश्न असा की, या धुळीत धोका आहे हे त्या काळी कोणाला ठाऊक होते का? इतिहासात नेहमी अशी सबब पुढे केली जाते की, तेव्हा विज्ञानच पुढे गेले नव्हते. म्हणून सन नीट पाहू. जर्मनीतील श्नेबर्ग येथील खाणकामगार छातीच्या एका रोगाने मरतात आणि तो रोग फुप्फुसाचा दुर्मांस-विकार आहे, हे दोन डॉक्टरांनी १८७९ मध्येच प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांना रेडियमचा रंग लावणाऱ्या मुलींचे जबडे सडले, त्यांचा खटला १९२८ मध्ये साऱ्या जगाने वाचला. खुद्द कॅनडाच्या खाणखात्याने १९३० च्या दशकाच्या आरंभीच आपल्या प्रयोगशाळेतील नोकरांच्या तपासण्या करून रेडियमयुक्त खनिज हाताळताना घ्यावयाच्या काळजीबद्दल सूचना छापल्या होत्या. धूळ श्वासात घेऊ नये, रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू खेळत्या हवेने काढून टाकावा, असे त्यात होते. म्हणजे ज्ञान होते. छापील होते. ते ओटावातील कपाटापर्यंत आले होते. बेअर नदीच्या काठापर्यंत ते गेले नाही. बेलच्या अहवालातील डागांची नोंद तीस वर्षांनंतरही कपाटातून निघाली, कारण तिच्यात पैसा होता. काळजीच्या सूचनांत पैसा नव्हता.

कंपनीच्या इतिहासातील पुढचे वळण युद्धाने आणले. युरोपातील बाजार बंद पडला तेव्हा १९४० मध्ये खाण मिटली. १९४२ मध्ये ती गुप्तपणे पुन्हा उघडली, कारण आता अमेरिकेला बाँबसाठी युरेनियम हवे होते. काल जो गाळ होता तो आज माल झाला. कॅनडाचे खनिज आणि कांगोहून अमेरिकेत आणून ठेवलेले खनिज, दोन्ही पोर्ट होपच्या कारखान्यात शुद्ध होऊ लागले. कॅनडा सरकारने आधी गुपचूप शेअर घेतले आणि जानेवारी १९४४ मध्ये मंत्री सी. डी. हौ यांनी कंपनी सरकारजमा झाल्याचे जाहीर केले. 'गोल्ड' हा शब्द त्याआधीच नावातून गेला होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला. त्यामागच्या युरेनियमच्या साठ्यात मोठा वाटा कांगोचा होता, लहानसा या सरोवराकाठचा. त्याच दिवशी हौ यांनी या कामातील कॅनडाचा सहभाग जाहीर केला. गोणी वाहणाऱ्यांना मात्र आपण काय वाहिले हे कळायला आणखी कित्येक वर्षे जावी लागली.

आम्ही कामगार चळवळीतले लोक. खाजगी मालकाच्या जागी सरकार आले की बरे होईल, असे आम्हांला स्वभावतःच वाटते. एल्डोरॅडोचा इतिहास या बाबतीत आमचे कान उपटतो. सरकारी मालकीत गुप्ततेचे कुलूप आणखी जड झाले. पोर्ट रेडियमची खाण १९६० पर्यंत चालली आणि लाखो टन गाळ सरोवरात व काठावर पडला. अथाबास्का सरोवराच्या उत्तरेला कंपनीने १९५३ मध्ये बीव्हरलॉज ही दुसरी मोठी खाण सुरू केली. तिच्याशेजारी युरेनियम सिटी नावाचे गाव वसले. शाळा, दुकाने, इस्पितळ सारे झाले. डिसेंबर १९८१ मध्ये खाण बंद होणार असे जाहीर झाले आणि १९८२ च्या जूनमध्ये ती बंद पडली. काही हजारांचे गाव उठले. आज तिथे शंभराच्या आसपास माणसे राहतात. पोर्ट होपमध्ये वेगळाच प्रकार झाला. कारखान्याचा गाळ आणि जुने सामान भरावासाठी, बांधकामासाठी गावभर वापरले गेले होते. १९७५ मध्ये एका शाळेत रेडॉन सापडला तेव्हा लोक जागे झाले. तिथल्या व आसपासच्या दूषित मातीच्या सफाईसाठी सरकारने २०१२ मध्ये १२८ कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. कंपनी स्वतः १९८८ मध्ये दुसऱ्या एका सरकारी कंपनीत मिसळली व 'कॅमेको' झाली, आणि पुढे पुन्हा खाजगी भागधारकांकडे गेली.

आपला या देशाशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. घारापुरीला होडीने जाताना तुर्भ्याच्या किनाऱ्यावर अणुकेंद्राचे घुमट दिसतात. त्यांपैकी 'सायरस' ही भट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली, १९६० मध्ये सुरू झाली आणि २०१० च्या अखेरीस बंद झाली. तिच्या आरंभीच्या इंधनापैकी निम्मे युरेनियम कॅनडाचे होते, निम्मे आपले. आज झारखंडमधील जादुगोड्याच्या खाणीतून आपले युरेनियम निघते. तेव्हा हा प्रश्न केवळ बर्फातला नाही.

आता त्या गावाकडे परत जाऊ. देलिनेतील गोणी वाहणारे पुरुष एकेक करून गेले, त्यांतले काही कर्करोगाने. बायका मागे उरल्या. १९९९ मध्ये निघालेल्या माहितीपटाचे नावच 'विधवांचे गाव' असे होते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये या गावची काही मंडळी हिरोशिमाला गेली आणि तिथल्या होरपळलेल्या लोकांपुढे त्यांनी दुःख व्यक्त केले. पोत्यात काय आहे ते ज्यांना सांगितले गेले नव्हते, त्यांच्या गावाने माफी मागितली. हा प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हा वाचनालयात पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतेच बसून राहिलो.

पुढे सरकार आणि गाव यांची संयुक्त समिती बसली. तिचा अहवाल २००५ मध्ये आला. गोणी वाहणारे संख्येने थोडे, नोंदी अपुऱ्या, म्हणून त्यांचे कर्करोग या कामामुळेच झाले असे विज्ञानाच्या खात्रीने सांगता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. आम्ही या शास्त्रज्ञांना दोष देत नाही. जे सिद्ध होत नाही ते सिद्ध झाले असे त्यांनी म्हणू नये, हेच योग्य. पण त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवून पाहा. कंपनीच्या खाणींत आणि कारखान्यात रीतसर नोकरीस असलेल्या १७,६६० कामगारांचा अभ्यास झाला व तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रेडॉनचा मारा जितका अधिक तितका फुप्फुसाचा कर्करोग अधिक, असे स्वच्छ दिसून आले. हे का दिसू शकले? कामगार खाणीतले होते, रेडॉनचा मारा त्यांच्यावर जबर होता आणि त्यांची संख्या मोठी होती, हे एक कारण. दुसरे कारण असे की, त्यांची नावे कंपनीच्या दप्तरात होती. कोण कधी लागला, कुठे होता, किती वर्षे होता, हे कागदावर होते. डेने हमाल हंगामी. त्यांची धड नोंद नाही. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही त्याच्या रोगाचे कारणही कागदावर येत नाही. हजेरीपट हे केवळ पगाराचे साधन नव्हे. तो कामगाराचा वैद्यकीय पुरावा असतो. १९६९ मध्ये आपल्याकडे माथाडी कायदा होऊन हमालाच्या नावाची नोंद होऊ लागली, तिचे हे मोल आम्हांला देलिनेने शिकवले.

नोंद हा एक भाग झाला. दुसरा भाग माहितीचा. तो हक्क कसा मिळाला हेही कॅनडातच पाहावे. एल्डोरॅडोची नव्हे, पण ओंटारिओतील एलियट लेक येथील दुसऱ्या एका युरेनियम कंपनीची ही गोष्ट आहे. १९७४ मध्ये तिथल्या युनियनचे प्रतिनिधी फ्रान्समध्ये एका परिषदेला गेले. तिथे त्यांच्याच सरकारचे अधिकारी त्यांच्याच खाणीतील कामगारांच्या फुप्फुसांच्या कर्करोगाचे आकडे वाचून दाखवत होते. स्वतःच्या छातीतला रोग कामगारांना समुद्रापलीकडे जाऊन कळला! त्याच वर्षी सुमारे हजार कामगारांनी काम थांबवले. चौकशी आयोग बसला, आणि त्यातून ओंटारिओत १९७९ मध्ये नवा कायदा अमलात आला. धोका काय आहे हे जाणण्याचा, सुरक्षिततेच्या कामात भाग घेण्याचा, आणि धोक्याचे काम नाकारण्याचा असे तीन हक्क त्याने कामगाराला दिले. आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात धोक्याची माहिती देणे बंधनकारक करणारे कलम घातले गेले. एका ठिकाणी संप, दुसऱ्या ठिकाणी हजारोंचा बळी.

आता ती गोणी सोडतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या विभागात एका गोदामात पांढऱ्या भुकटीच्या गोण्या येत. डोळे चुरचुरत, घशाला कोरड पडे. आमच्या टोळीतला एक वडीलधारा गडी होता. त्याला आम्ही सारे दादा म्हणत असू. त्याने गोदामवाल्याला विचारले, "शेठ, गोणीत काय हाय?" शेठ म्हणाला, "तुला उचलायचीय की खायचीय?" सगळे हसले. दादाही हसला. तक्रार युनियनकडे आली. आम्ही नव्या दमाचे कार्यकर्ते होतो. वाटाघाटीला बसलो, तावातावाने भांडलो आणि त्या गोणीचा दर इतर गोण्यांपेक्षा जास्त ठरवून घेतला. त्या संध्याकाळी आम्हांला हार घातले होते.

काही वर्षांनी दादा खोकू लागला. सरकारी दवाखान्यातील तरुण डॉक्टरांनी आम्हांला विचारले, "हे काय हाताळत होते?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. गोदाम बंद झाले होते, शेठ गाव सोडून गेला होता. आमच्या कचेरीतल्या फाइलीत करार होता. त्यात गोणीचा दर पैशापर्यंत अचूक लिहिलेला होता. गोणीतल्या मालाचे नाव कुठेच नव्हते. दादाचा प्रश्न शेठने हसण्यावारी नेला होता. आम्ही त्याचा भाव ठरवला होता. उत्तर दोघांनीही दिले नाही. दादाच्या रोगाचे कारण ती भुकटीच होती, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. ते म्हणता येत नाही, हीच आमची चूक आहे.

म्हणून एल्डोरॅडोचा इतिहास वाचताना आम्हांला केवळ त्या कंपनीवर राग काढून मोकळे होता आले नाही. आज आमच्या संघटनेत कोणत्याही नव्या मालाच्या वाटाघाटीला बसताना दराचा कागद दुसरा असतो. पहिल्या कागदावर मालाचे नाव, तो कुठून आला, आणि अंगावर सांडला तर काय करायचे, हे लिहून घेतल्याखेरीज गोणीला हात लागत नाही. व्यापारी कुरकुर करतात. आमचे काही गडीही कुरकुर करतात, कारण त्यात अर्धा दिवस मोडतो.

तुम्ही हमाल नाही, मोठ्या खाणीचे मालकही नाही. पण तुमच्या दुकानात, कारखान्यात, सोसायटीच्या दारात कोणी ना कोणी पाठीवरून काहीतरी आणून टाकतो. त्याने उद्या विचारले की गोणीत काय आहे, तर त्याला नीट उत्तर द्या. आणि त्याने विचारले नाही, तर त्याला आपण होऊन सांगा.